हायब्रिड मोटारींची नियमित देखभाल व खर्च

हायब्रिड (संकरित) मोटारींची नियमित देखभाल म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोन्हींवर चालणाऱ्या मोटारींची ठरावीक काळाने किंवा ठरावीक अंतरानंतर केली जाणारी तपासणी, इंजिन ऑइल (वंगण तेल) बदलणे, गाळण्या बदलणे, ब्रेक व शीतन यंत्रणेची निगा आणि बॅटरीची तपासणी होय. भारतात या कामाला बोलीभाषेत ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात. ते कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात किंवा स्वतंत्र गॅरेजमध्ये केले जाते. दोन्हींच्या खर्चातील फरक, वॉरंटीच्या अटी आणि सुटे भाग व तांत्रिक माहितीची उपलब्धता हे या विषयातील वादाचे मुख्य मुद्दे आहेत.

पार्श्वभूमी

मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली हायब्रिड मोटार, टोयोटा प्रियस, डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. भारतात होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणि टोयोटाने २०१० मध्ये प्रियस आणली. परंतु जास्त किमतीमुळे दोन्हींचा खप मर्यादित राहिला. टोयोटाने २०१३ पासून कॅमरी हायब्रिडची जुळणी कर्नाटकातील बिडदी येथे सुरू केली. मे २०२२ मध्ये होंडा सिटी ई:एचईव्ही, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर व मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा आणि त्यानंतर टोयोटा इनोव्हा हायक्रॉस बाजारात आल्या. तेव्हापासून हायब्रिड मोटार मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागली आणि तिच्या देखभालीचा प्रश्नही सार्वत्रिक झाला.

पुण्यात या तंत्रज्ञानावर याआधीच काम झाले होते. केपीआयटी कमिन्स या पुणेस्थित कंपनीने २०१० मध्ये ‘रेव्होलो’ नावाचा संच सादर केला. जुन्या पेट्रोल मोटारीला बॅटरी व विद्युत मोटर जोडून तिचे हायब्रिडमध्ये रूपांतर करणे हा त्याचा उद्देश होता आणि त्यासाठी भारत फोर्ज या पुण्यातीलच कंपनीशी भागीदारी जाहीर करण्यात आली होती. खासगी मोटारींच्या बाजारात मात्र हा संच रुजला नाही. वाहनांच्या इंधनक्षमतेची प्रमाणित चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यातील कोथरूड परिसरात, वेताळ टेकडीवर आहे.

प्रकार

देखभालीच्या दृष्टीने भारतातील हायब्रिड मोटारींचे दोन मुख्य प्रकार पडतात.

सौम्य हायब्रिड: यात पट्ट्याने इंजिनाला जोडलेले एकच यंत्र स्टार्टर व जनित्र या दोन्हींचे काम करते. मोटार केवळ विजेवर चालू शकत नाही. देखभाल साध्या पेट्रोल मोटारीसारखीच असते. या पट्ट्याची तपासणी तेवढी अधिक करावी लागते.

पूर्ण हायब्रिड: यात उच्च दाबाची बॅटरी, इन्व्हर्टर व विद्युत मोटर असते आणि मोटार काही अंतर इंजिन बंद ठेवून धावते. टोयोटाच्या रचनेत वेगळा स्टार्टर, पारंपरिक अल्टरनेटर आणि क्लच नसतो. त्यामुळे साध्या मोटारीत झिजणारे काही भाग येथे मुळातच नसतात.

देखभालीची प्रमुख कामे

इंजिन ऑइल: भारतातील बहुतेक कंपन्या १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑइल व ऑइल गाळणी बदलण्यास सांगतात. मोटार विजेवर चालली तरी ते अंतर मीटरवर मोजले जाते. म्हणजे १०,००० किलोमीटरांत इंजिन प्रत्यक्षात त्याहून कमी चाललेले असते. यावरून ऑइल उशिरा बदलले तरी चालेल, असा समज होतो. तो बरोबर नाही. हायब्रिडमधील इंजिन वारंवार बंद व चालू होते. छोट्या फेऱ्यांत ते पूर्ण तापत नाही आणि ज्वलनातून निर्माण झालेली वाफ व न जळलेल्या पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये मिसळून राहतो. म्हणून कमी अंतर चालणाऱ्या मोटारीसाठी किलोमीटरपेक्षा एक वर्षाची मुदत अधिक महत्त्वाची ठरते. या इंजिनांसाठी ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० यांसारखी अतिशय पातळ कृत्रिम ऑइले सुचवलेली असतात. नेमकी श्रेणी वाहनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. जाड व स्वस्त ऑइल वापरल्यास घर्षण वाढून इंधनबचत घटते.

ब्रेक: वेग कमी करताना विद्युत मोटर जनित्र बनून बॅटरी भारित करते. यास पुनरुत्पादक ब्रेकिंग म्हणतात. त्यामुळे ब्रेक पॅडची झीज साध्या मोटारीपेक्षा सावकाश होते. मात्र कमी वापरामुळे, विशेषतः पावसाळ्यात, डिस्कवर गंज चढणे व कॅलिपर अडकणे हे दोष संभवतात. पॅड जाड दिसले तरी वर्षातून एकदा ब्रेक उघडून साफ करणे उपयुक्त असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ते साधारणपणे दोन वर्षांनी बदलतात.

बॅटरीची शीतन यंत्रणा: अनेक मोटारींत उच्च दाबाची बॅटरी प्रवासी कक्षातील हवा पंख्याने खेचून थंड केली जाते. या हवेच्या वाटेवरील जाळीत धूळ, केस व धागे अडकल्यास बॅटरी तापून तिचे आयुष्य घटते. ही जाळी साफ करणे हे अल्पखर्चाचे, पण हायब्रिडमधील सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी एक आहे. आसनाशेजारील झरोक्यासमोर पिशव्या वा कपडे ठेवू नयेत.

कूलंट: इंजिन व इन्व्हर्टर यांच्यासाठी बहुधा स्वतंत्र शीतन मंडले असतात. कूलंट कित्येक वर्षांनी एकदाच बदलावा लागतो. पातळी मात्र प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहिली जाते.

वातानुकूलन: पूर्ण हायब्रिडमधील एसी कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो व त्यात विद्युतरोधक प्रकारचे तेल असते. साध्या मोटारीसाठीचे तेल चुकून भरल्यास विद्युतरोध कमी होऊन मोटार दोष दाखवते आणि दुरुस्ती फार महाग पडते.

बारा व्होल्टची बॅटरी: संगणक, कुलुपे व दिवे यांसाठी साधी बॅटरीही असते. तीच उतरली, तर मुख्य बॅटरी भारित असूनही मोटार सुरू होत नाही. दीर्घकाळ उभ्या असलेल्या मोटारीत हा दोष हमखास आढळतो.

खर्चाची रचना

सर्व्हिसिंगच्या बिलाचे चार भाग असतात: ऑइल व इतर द्रव, सुटे भाग, मजुरी आणि वस्तू व सेवा कर. मजुरी व वंगण तेल यांवर १८ टक्के कर आहे. अनेक सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवर १८ टक्के हा एकच दर लागू झाला.

उदाहरणादाखल, करपूर्व ऑइल २,००० रुपये, गाळण्या व इतर भाग १,००० रुपये आणि मजुरी २,००० रुपये धरली, तर जुन्या दराने बिल ६,००० रुपये आणि नव्या दराने ५,९०० रुपये होते. ऑइल व मजुरीवरील कर आधीपासूनच १८ टक्के असल्याने नियमित सर्व्हिसिंगमधील बचत थोडी आहे. मोठे भाग बदलताना ती अधिक जाणवते. याच उदाहरणात ‘मोफत सर्व्हिसिंग’ असेल, तर फक्त मजुरी व तिच्यावरील कर वगळला जातो आणि ग्राहकाला ३,५४० रुपये भरावेच लागतात. नव्या मोटारीसोबत मिळणाऱ्या मोफत सर्व्हिसिंगचा अर्थ एवढाच मर्यादित असतो.

हा खर्च इंधनबचतीच्या संदर्भात पाहिला जातो. ग्रँड व्हिटाराच्या पूर्ण हायब्रिड प्रकाराची प्रमाणित इंधनक्षमता २७.९७ किलोमीटर प्रतिलिटर आणि मॅन्युअल गिअरच्या सौम्य हायब्रिड प्रकाराची २१.११ किलोमीटर प्रतिलिटर जाहीर झाली होती. त्यानुसार १०,००० किलोमीटरांस अनुक्रमे सुमारे ३५८ व ४७४ लिटर पेट्रोल लागते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरल्यास वर्षाला सुमारे ११,६०० रुपयांचा फरक पडतो. प्रत्यक्ष रस्त्यावरील आकडे प्रमाणित आकड्यांपेक्षा कमी असतात. शिवाय पूर्ण हायब्रिडची खरेदी किंमत लाखांत अधिक असल्याने कमी वापर असलेल्या कुटुंबास ही बचत भरून येण्यास बरीच वर्षे लागतात.

बिलात इंजिन फ्लशिंग, इंजिन डीकार्बनायझिंग, गंजरोधक लेप, एसी निर्जंतुकीकरण, आतील सफाई अशी कामेही जोडली जातात. पुस्तिकेतील वेळापत्रकात नसलेली कामे ऐच्छिक असतात. काम सुरू होण्यापूर्वी मिळणाऱ्या अंदाजपत्रकातून ती वगळण्यास ग्राहक सांगू शकतो. बदललेले जुने भाग पाहण्यास मागणे ही पडताळणीची सोपी पद्धत आहे.

अधिकृत केंद्र आणि स्वतंत्र गॅरेज

ऑइल, गाळण्या, टायर, ब्रेक पॅड व बारा व्होल्टची बॅटरी यांची कामे कुशल स्वतंत्र गॅरेजमध्ये होऊ शकतात आणि तेथे मजुरी सहसा कमी असते. नारिंगी आवरणाच्या तारा मात्र उच्च दाबाच्या असतात. इन्व्हर्टर, मुख्य बॅटरी वा एसी कॉम्प्रेसरवरील कामापूर्वी सुरक्षा प्लग काढून विद्युतभार उतरेपर्यंत थांबावे लागते, तसेच विद्युतरोधक हातमोजे वापरावे लागतात. या कामांसाठी प्रशिक्षण व निदान उपकरणे अनिवार्य आहेत.

मुख्य बॅटरीवर टोयोटा, होंडा व मारुती सुझुकी भारतात ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वॉरंटी देतात. बाहेर ऑइल बदलले तर ही वॉरंटी जाईल, या भीतीने अनेक ग्राहक अधिकृत केंद्रातच जातात. वॉरंटीचा दावा करताना सर्व्हिसिंगची नोंद विचारली जाते. त्यामुळे बाहेर काम केल्यास ऑइलची श्रेणी, किलोमीटर व दिनांक नमूद असलेले पक्के बिल जपणे आवश्यक ठरते.

कायदेशीर बाजू

एका ग्राहकाने २०११ मध्ये केलेल्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने मोटार कंपन्यांच्या सुट्या भागांच्या बाजाराची चौकशी केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, निदान उपकरणे व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणे हा मुख्य आक्षेप होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही निर्देश आयोगाने दिले. कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध अपिले केली. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा याच स्वरूपाचे संरक्षण देतो.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यातील चार क्षेत्रांत मोटार उद्योगाचा समावेश आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे येतात आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पुण्यातील वापराची परिस्थिती

शहरी उपनगरातील वापर हायब्रिडला एकाच वेळी अनुकूल व प्रतिकूल असतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव मिळालेले कर्वेनगर हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. तेथून कोथरूड, वारजे, डेक्कन किंवा राजाराम पुलावरून सिंहगड रस्ता ही अंतरे काही किलोमीटरांचीच आहेत. कर्वे रस्त्यावरील थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत इंजिन बराच वेळ बंद राहून पेट्रोल वाचते. परंतु अशाच छोट्या फेऱ्यांत इंजिन व ऑइल पुरेसे तापत नाही. आठवड्यातून एखादी लांब फेरी मारल्यास ऑइलमधील ओलावा निघून जाण्यास व बारा व्होल्टची बॅटरी भारित राहण्यास मदत होते. सुट्या भागांसाठी शहरात नाना पेठेतील बाजार प्रसिद्ध आहे. तथापि हायब्रिडचे उच्च दाबाचे भाग मुख्यतः कंपनीच्या वितरण साखळीतूनच मिळतात.

कर्वेनगर व सिंहगड रस्ता हे भाग मुठा नदीच्या दोन काठांवर आहेत. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले होते. अशा पुरात बुडालेली हायब्रिड मोटार सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. प्रशिक्षित तंत्रज्ञाने तपासेपर्यंत नारिंगी तारांना हात लावू नये.

पर्यावरणीय बाजू

वापरलेले इंजिन ऑइल हा घातक कचरा असून तो गटारात ओतण्यास मनाई आहे. त्याची हाताळणी २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार करावी लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार निकामी बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे जुनी हायब्रिड बॅटरी भंगारवाल्यास न देता अधिकृत साखळीकडे सोपवणे अपेक्षित आहे.

हेही पहा

विद्युत मोटार
वंगण
पुनरुत्पादक ब्रेकिंग
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९
कर्वेनगर