लांबलेल्या रात्रीची दिनचर्या

दीर्घ रात्र हा विषय मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ध्रुवीय रात्रीची कल्पना आपल्या विचारविश्वात वावरत आली आहे. ऋग्वेदातील उषेच्या सूक्तांत जो उत्कट आनंद आहे आणि रात्रीच्या पैलतीराला पोहोचण्याची जी आर्त विनवणी आहे, तिची संगती नित्याच्या पहाटेने लागत नाही, असे टिळकांचे म्हणणे होते. त्यावरून वैदिक ऋषींच्या पूर्वजांचे वसतिस्थान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात असले पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले. हा सिद्धान्त आज संशोधकांना मान्य नाही. तथापि त्या ग्रंथाने उभा केलेला एक प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. जिला सकाळ नाही अशी रात्र माणूस प्रत्यक्षात जगतो कशी? तो दिवस कशाने मोजतो, काय खातो आणि कशाच्या आधारे टिकतो?

या प्रश्नाचे एक उत्तर टिळकांच्या हयातीतच, किंबहुना ते तुरुंगात असतानाच, दक्षिणेच्या हिमसागरात लिहिले जात होते. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. मॅक्स म्युलरने संपादिलेल्या ऋग्वेदाची प्रत त्यांना या कारावासात मिळाली होती. ग्रंथाचा पहिला मसुदा १८९८ च्या अखेरीस तयार झाला. टिळकांना शिक्षा होण्याच्या सुमारे एक महिना आधी, १६ ऑगस्ट १८९७ रोजी, बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून ‘बेल्जिका’ नावाचे एक छोटे तीन डोलकाठ्यांचे जहाज अंटार्क्टिकाकडे निघाले होते. मार्च १८९८ च्या आरंभी, सुमारे ७१ अंश दक्षिण अक्षांशावर, ते बर्फात अडकले. मेच्या मध्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याच्यावर सूर्य उगवला नाही. अंटार्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेस माणसांनी जहाजावर काढलेला हा पहिला हिवाळा. पुण्यातील कैदी आणि हिमसागरातील हे बंदिवान यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. परंतु रात्र एकच होती, एकाची विचारातली आणि दुसऱ्यांची अंगावरची.

जहाजावर तेव्हा अठरा माणसे होती. एक तरुण खलाशी, कार्ल विंके, बर्फात सापडण्यापूर्वीच जानेवारीत समुद्रात वाहून गेला होता. मोहिमेचा प्रमुख एड्रियन द जेर्लाश आणि त्याचा सहकारी लकोआंत हे बेल्जियन, अमुंडसेन नॉर्वेचा, वैद्य फ्रेडरिक कुक अमेरिकन, जीवशास्त्रज्ञ राकोवित्सा रुमानियाचा, तर आर्क्टोव्स्की आणि डोब्रोवोल्स्की पोलंडचे. साहजिकच एकाच जेवणाच्या टेबलावर अनेक भाषा मिसळत. भिलाईसारख्या पोलादनगरीत, सुपेल्याच्या बाजारात, छत्तीसगढी, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि मराठी एका दमात ऐकणाऱ्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की बाजारातून घरी परतता येते; बेल्जिकावरच्या माणसाला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

हिमबद्ध होणे हेच काही संकट नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्यापूर्वी नान्सेनचे ‘फ्राम’ जहाज १८९३ ते १८९६ या काळात उत्तरेच्या बर्फात जाणूनबुजून गोठवून घेण्यात आले होते. त्याचा सांगाडा बर्फाचा दाब झेलील असा बांधलेला होता. पवनचक्कीवर विजेचे दिवे लागत, ग्रंथसंग्रह होता, भरपूर अन्न होते. त्याची माणसे सुखरूप, धडधाकट परतली. बेल्जिकाची तयारी मात्र हिवाळा काढण्याची नव्हती. पुरेसे गरम कपडे नव्हते. लाल कांबळी फाडून अंगरखे शिवावे लागले, असे अमुंडसेनने पुढे लिहिले. गंमत अशी की बेल्जिकावरच्या मांजराचे नाव ‘नान्सेन’ होते. तेही त्या अंधारात मरण पावले.

दिवस नसताना दिवसाची चौकट टिकवणे हे या जहाजावरचे खरे काम होते. हवामानाच्या नोंदी तासातासाला घेतल्या जात. वाऱ्याने जहाज कोंडले जावो की एखाद्याचा मृत्यू होवो, तापमापक वाचायचाच. अंटार्क्टिक प्रदेशातील सबंध वर्षाच्या हवामानाची पहिली अखंड नोंद अशी जमा झाली. जेवण ठरल्या वेळी होई, पण डब्यांतले मासळीचे आणि मांसाचे तेच ते गोळे पाहून भूकच मरून जाई. विरंगुळा म्हणून एका सचित्र मासिकातील स्त्रियांची चित्रे लावून सौंदर्यस्पर्धा झाली, मते मोजली गेली. राकोवित्सा सहकाऱ्यांची व्यंगचित्रे काढी. ही हौस हास्यास्पद वाटेल. परंतु उद्याची वाट पाहण्यास काहीतरी असावे, याची ती धडपड होती.

५ जून रोजी एमिल डांको हृदयविकाराने मरण पावला. बर्फाला भोक पाडून त्याचे शव पाण्यात सोडण्यात आले. त्यानंतर माणसे वेगाने खचू लागली. हृदयाचे ठोके अनियमित झाले, पाय सुजले, हिरड्या सैल पडल्या. ही स्कर्व्हीची लक्षणे होती. कुकने यावर दोन उपाय केले. रुग्णाला कपडे उतरवून दररोज तासभर पेटत्या शेगडीसमोर बसवायचे आणि पेंग्विन व सील यांचे ताजे मांस खायला लावायचे. जीवनसत्त्व ‘क’चा शोध त्या वेळी लागलेला नव्हता, ताज्या मांसात काही गुण आहे, एवढेच अनुभवाने कळत होते. लकोआंत तर मृत्युपत्र लिहून बसला होता. या उपचाराने तो उठला. शक्य त्यांना जहाजाभोवती रोज चालायला लावले जाई. त्या फेऱ्यांना माणसांनी वेड्यांच्या इस्पितळातल्या फेऱ्यांचे नाव दिले होते.

या प्रसंगांचे साक्षीदार एकाच सुरात बोलत नाहीत. कुकचे पुस्तक १९०० साली आले. त्यात पेंग्विनच्या मांसाविषयी सर्वांनाच असलेली किळस दिसते. अमुंडसेनने १९२७ च्या आत्मचरित्रात मात्र प्रमुखानेच ते मांस खाण्यास मनाई केली होती, असे सांगितले. जवळजवळ तीन दशकांनी लिहिणाऱ्या माणसाला दोषाचा धनी हवा असतो. ताज्या नोंदीला केवळ काय घडले ते सांगायचे असते. रोजनिशी आणि आत्मचरित्र यांतला हा फरक वाचकाने विसरू नये.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस क्षितिजावर सूर्याची कड दिसली. उषेच्या स्वागताचा हा क्षण. परंतु त्या उजेडात माणसांनी एकमेकांचे चेहरे पाहिले, तेव्हा ते पिवळे, म्हातारे, ओळखू न येणारे होते. उजेडाने सुटका केली नाही. अंधाराने काय केले ते दाखवले. जहाज आणखी सात महिने अडकून होते. १८९९ च्या आरंभी करवतींनी बर्फ कापून पाणवाट काढण्याचे काम सुरू झाले, आणि १४ मार्च १८९९ रोजी जहाज मोकळ्या समुद्रात आले. तोवर टोलेफसेन नावाच्या खलाशाचे मन कायमचे बिघडले होते.

या वृत्तान्ताने टिळकांचा सिद्धान्त सिद्ध होत नाही आणि खोडलाही जात नाही. तो प्रांत पुरातत्त्वाचा आणि भाषाशास्त्राचा आहे. तथापि त्यांच्या ग्रंथातील एक तपशील बेल्जिकाच्या शेजारी ठेवून वाचावा. वैदिक यज्ञविधीत रात्रिसत्रे आहेत, शंभर रात्रींपर्यंत चालणारी. ही सत्रे लांबलेल्या रात्रीत, इंद्राला वृत्राशी झुंजण्याचे बळ मिळावे म्हणून केली जात असावीत, असा टिळकांचा तर्क होता. त्याचा भूगोल आपण बाजूला ठेवू. त्यामागची मानवी जाण मात्र सहजासहजी बाजूला ठेवता येत नाही. सूर्य नसेल, तर काळ माणसालाच बांधावा लागतो. ठरल्या वेळी ठरलेले कर्म करून, मग ते अग्नीत आहुती टाकणे असो वा तापमापक वाचणे. सूक्तात आपल्याला पहाटेची ओढ ऐकू येते. त्या ओढीची किंमत काय असते, हे कळण्यासाठी बेल्जिकावरील माणसांच्या रुक्ष नोंदींकडे वळावे लागते. साहित्याच्या विद्यार्थ्याने दोन्ही वाचावीत, कारण रात्र पार करणाऱ्यांपैकी काहींनी सूक्ते रचली, तर काहींनी केवळ तास लिहून ठेवले.