कापूस आणि वसूल

वऱ्हाडचा कास्तकार ज्या पिकावर जगतो त्या कापसाचे नाव संस्कृत 'कर्पासा'पासून आलेले आहे. त्याच्या सरकारी हिशेबाची भाषा मात्र अरबी! १४९० साली एलिचपुरास इमादशाही उभी राहिली. 'इमाद' म्हणजे खांब. अशा दरबारांच्या फारसी दफ्तरांतून हे अरबी शब्द अमरावती-अकोल्याच्या खेड्यांपर्यंत पोहोचले. 'खरीफ' म्हणजे शरद्. फळे खुडणे हा त्याचा धात्वर्थ. हंगाम पेरावयाचा मृगात, पण नाव काढणीचे. सारा घेणाराची दृष्टि तेथेच असावयाची, असे आम्हांस वाटते. 'वसूल' म्हणजे पोहोचणे, अर्थात् सरकारात. 'रयत' हा शब्द तर चारणे-राखणे या अर्थाच्या धातूचा; मूळ अर्थ राखलेला कळप. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'ने असल्या यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, ते योग्यच. परंतु 'रयत' या शब्दातील कळप 'प्रजे'त कोठून दिसणार? राज्यकर्ता आपणांकडे कसा पाहत होता, याची ती साक्ष आहे.

गंमत पुढेच आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड घेणाऱ्या इंग्रजांचा 'कॉटन' म्हणजे अरबी 'कुत्न'च. अरबी नावाने माल मागणारा गिऱ्हाईक दारी आला, तरी वऱ्हाडी माणसाने आपला कापूस कापूसच म्हणून विकला.