शांघाय-वूसुंग रेल्वे : विकत घेऊन उखडलेला मार्ग

चीन देशांतील पहिली प्रवासी आगगाडी शके १७९८ म्हणजे इ. स. १८७६ मध्यें शांघाय येथें धांवूं लागली. पुढच्याच वर्षीं चिनी सरकारनें ती पुरी किंमत मोजून विकत घेतली आणि तिचे रूळ उखडून टाकले. या प्रकाराचें कारण पुष्कळ लेखक एका शब्दांत सांगतात : अज्ञान. भुतांखेतांस भिणाऱ्या व पूर्वजांच्या थडग्यांस जपणाऱ्या लोकांस वाफेचें यंत्र सोसलें नाहीं, असा त्यांचा पूर्वपक्ष आहे. तो प्रमाणांच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आमचें मत आहे. तें कां, हें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम स्थळाचा विचार करूं. शांघाय हें ऐन समुद्रकांठचें बंदर नव्हे. तें ह्वांगपू नदीच्या तीरावर आहे. ही नदी वूसुंग गांवाजवळ यांगत्से महानदीच्या मुखास मिळते. या संगमापाशीं गाळाचा उंचवटा सांचलेला असे. त्यामुळें मोठ्या जहाजांस भरतीची वाट पाहत बाहेर नांगर टाकावा लागे, नाहीं तर माल पडावांत उतरवून शहरांत न्यावा लागे. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें हें बंदर परदेशी व्यापारास खुलें झाल्यावर ही अडचण व्यापाऱ्यांस फार जाणवूं लागली. वूसुंग ते शांघाय हें सुमारें नऊ मैलांचें अंतर जमिनीवरून तोडावें, ही कल्पना त्यांतूनच निघाली.

ती अमलांत आणली जार्डिन मॅथेसन या इंग्रजी पेढीनें. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाईंशीं जिचा मोठा व्यवहार होता, तीच ही पेढी. रेल्वेस परवानगी मिळणार नाहीं, हें ओळखून ‘वूसुंग रोड कंपनी’ या नांवाखालीं काम चाललें आणि चिनी अधिकाऱ्यांची संमति मिळविली ती साध्या गाडीरस्त्यापुरती. नंतर त्याच जमिनीवर अडीच फूट रुंदीचे रूळ पडले, ‘पायोनियर’ नांवाचें लहानसें एंजिन इंग्लंडांतून आलें, आणि जुलै १८७६ मध्यें शांघायपासून च्यांगवानपर्यंत गाड्या सुरू झाल्या. चिनी लोक त्यांत मोठ्या हौसेनें बसूं लागले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

३ ऑगस्ट रोजीं एक माणूस गाडीखालीं सांपडून मेला आणि आधींच चाललेला वाद विकोपास गेला. अखेर ऑक्टोबरांत नानकिंग येथें करार झाला. चिनी सरकारनें २,८५,००० टेल चांदी वर्षभरांत तीन हप्त्यांनीं द्यावी, व तोंपर्यंत कंपनीनें गाड्या चालवाव्या, असें ठरलें. हप्ते चुकते झाले. ऑक्टोबर १८७७ मध्यें मार्ग ताब्यांत आला. मग रूळ उखडून सामान तैवान बेटाकडे रवाना करण्यांत आलें.

हा निर्णय ज्याचा, तो नानकिंगचा सुभेदार शेन पाओ-चेन यंत्रांस भिणारा पुरुष होता काय? पूर्वीं फूचौ येथील आरमारी कारखान्याचा तो मुख्य होता व तेथें त्यानें फ्रेंच कारागिरांकरवीं आगबोटी बांधविल्या होत्या. १८७४ मध्यें तैवानवर जपानी स्वारी झाली, तेव्हां तारायंत्राची मागणी करणाराही तोच.

तारायंत्राचा इतिहास याच अनुमानास पुष्टि देतो. ग्रेट नॉर्दर्न या डॅनिश कंपनीनें १८७१ मध्यें हाँगकाँगहून शांघायपर्यंत समुद्रांतून तार आणली. तारेचें टोंक किनाऱ्यावर आणूं नये, अशी चिनी सरकारची अट होती. कंपनीनें ती पाळली नाहीं. तरी त्याच सरकारनें १८८१ मध्यें तिएन्त्सिन ते शांघाय तार स्वतः घातली, आणि कामास माणसें घेतलीं तीं त्याच डॅनिश कंपनीचीं! चिनी लिपींत वर्णमाला नसल्यामुळें प्रत्येक अक्षरचिन्हास चार आंकड्यांची संख्या देऊन संदेश धाडीत. अर्थात् विरोध तारेस नव्हता. ती कोणाच्या अनुज्ञेनें घातली, हा प्रश्न होता.

आपल्याकडे १८५३ मध्यें मुंबईहून ठाण्यास गाडी गेली, तेव्हां हा प्रश्न उद्भवलाच नाहीं. कारण अनुज्ञा देणारे व त्यांचे भांडवलवाले दोघेही परकेच होते. चीनमध्यें अनुज्ञा देणारा जिवंत होता, आणि त्यास वगळण्यांत आलें होतें.

तथापि विकत घेतलेला मार्ग उखडणें शहाणपणाचें होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. स्वामित्व तर पैसा भरतांच सिद्ध झालें होतें. पुढील नाश हा निव्वळ तोटा. त्याची किंमत शांघायनें एकवीस वर्षें भरली. त्याच दिशेनें दुसरी रेल्वे चिनी सरकारनें बांधली ती १८९८ मध्यें, आणि नदीमुखाचा गाळ काढण्याचें मोठें काम सुरू झालें तें १९०६ नंतर. डिसेंबर २००० मध्यें सुरू झालेल्या शांघाय मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाचा कांहीं भाग त्या १८९८ च्या रेल्वेच्याच जागेवरून जातो.

सारांश, येथें दोष दोहोंकडे आहे, पण तो एका जातीचा नाहीं. एकानें रस्त्याच्या नांवावर रेल्वे केली. दुसऱ्यानें हक्क मिळविल्यावर उपयोग टाकून दिला. पहिल्यास उद्यम व दुसऱ्यास अज्ञान म्हणून मोकळें होणें हा इतिहास नव्हे.