लाकडी चॉपिंग बोर्ड

लाकडी चॉपिंग बोर्ड म्हणजे स्वयंपाकघरात सुरीने भाजी, फळे, मांस किंवा मासे चिरताना खाली आधार म्हणून ठेवावयाची लाकडाची सपाट फळी. मराठीत तिला कटिंग बोर्ड, चिरण्याची फळी किंवा भाजी चिरण्याचा पाट असेही म्हणतात. सुरीची धार टिकवणे आणि चिरलेला पदार्थ स्वच्छ राखणे ही तिची दोन मुख्य कामे होत. कच्चे मांस आणि न शिजवता खायचा पदार्थ एकाच फळीवर आले तर आजार पसरू शकतो, म्हणून तिची निवड आणि निगा यांना आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व आहे.

विळी आणि बोर्ड

महाराष्ट्र, कोकण आणि गोवा येथे भाजी चिरण्याचे परंपरागत साधन विळी हे आहे. विळीचे पाते पाटाला पक्के बसवलेले असते. हात हलतो, पाते स्थिर राहते आणि काप हवेतच पडतो; त्यामुळे खाली फळीची गरज भासत नाही. भाजी चिरणे, फळ कापणे, नारळ खोवणे अशी वेगवेगळी क्रियापदे असलेल्या भाषेत या फळीला मात्र सर्वमान्य मराठी नाव रुळले नाही, याचे कारण यातच असावे. उभ्या ओट्याच्या स्वयंपाकघरात बसून चिरण्याची सोय उरली नाही, तेव्हा सुरी आणि तिच्यासोबत बोर्ड आला.

मांसविक्रीच्या व्यवसायात मात्र लाकडावर कापण्याची रीत जुनीच आहे. खाटकाच्या दुकानातील जाड ओंडका पुष्कळदा चिंचेच्या खोडाचा असतो. चिंचेचे लाकूड घट्ट, चिवट आणि सहसा न फुटणारे असते. जपानमध्ये या फळीला ‘मानाइता’ म्हणतात. या शब्दातील ‘इता’ म्हणजे फळी आणि ‘माना’ म्हणजे खाण्याचा मासा. ती हिनोकी किंवा गिंको यांसारख्या तुलनेने मऊ लाकडाची करतात, कारण जपानी सुऱ्यांचे पाते पातळ आणि कठीण असते व कठीण फळीवर त्याची धार उडते.

लाकडाची निवड

लाकूड फार मऊ असेल तर त्यात खोल चरे पडतात. फार कठीण असेल तर सुरी बोथट होते. लाकडाचा कठीणपणा जांका चाचणीने मोजतात. एक ठरावीक आकाराची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवण्यास किती बल लागते, हे या चाचणीत पाहतात. अमेरिकेत प्रमाण मानल्या जाणाऱ्या हार्ड मेपलचा अंक सुमारे १,४५०, काळ्या अक्रोडाचा सुमारे १,०१० आणि सागाचा त्याच्याच आसपास आहे (एकक पौंड-बल). अंकाइतकीच लाकडाची सूक्ष्म छिद्रे महत्त्वाची असतात. बारीक छिद्रांच्या घट्ट लाकडात रस आणि अन्नकण कमी शिरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेत अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या पृष्ठभागांसाठी लाकूड सामान्यतः वर्ज्य आहे. पण हार्ड मेपल किंवा तितक्याच कठीण व घट्ट लाकडाच्या बोर्डांना अपवाद म्हणून परवानगी आहे.

भारतात साग, शिसव, बाभूळ, आंबा, कडुनिंब आणि रबराच्या झाडाचे लाकूड यांचे बोर्ड मिळतात. साग तेलकट असल्याने पाण्याला चांगला टिकतो, परंतु त्यात सिलिका असते व तिच्यामुळे सुरी थोडी लवकर बोथट होते. रबराचे लाकूड स्वस्त, पण ओलाव्यात बुरशी व कीड यांना लवकर बळी पडते. बांबू ही वनस्पतिशास्त्रानुसार गवताची जात आहे. बांबूचा बोर्ड म्हणजे पट्ट्या डिंकाने जोडून केलेली कठीण फळी.

सुताराकडून बोर्ड करून घ्यायचा असल्यास प्लायवूड आणि एमडीएफ टाळावे, कारण त्यांतील डिंक आणि भुसा अन्नात उतरू शकतो. जुन्या पॅकिंगच्या खोक्यांचे लाकूडही घेऊ नये. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या लाकडावर ‘एमबी’ अशी खूण असल्यास त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. गाठी, भेगा आणि खोडाचा मध्यगाभा असलेली फळीही नाकारावी. ती पुढे तडकते.

बोर्ड खोडाच्या लांबीत कापलेल्या फळीचा असतो किंवा लाकडाचे ठोकळे उभे जोडून केलेला असतो. दुसऱ्या प्रकारात लाकडाचे तंतू ब्रशाच्या केसांसारखे वर येतात. सुरीचे पाते त्यांच्यामध्ये शिरते आणि ते पुन्हा मिटतात. म्हणून त्यावर धार अधिक टिकते व चरे कमी दिसतात. मात्र तो महाग, जड आणि पाणी अधिक शोषणारा असतो. रोजच्या घरगुती वापरास पहिला प्रकार पुरेसा आहे. साधारण ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३ सेंमी जाड सागाचा बोर्ड सुमारे अडीच किलो भरतो. इतके वजन चिरताना तो सरकू नये म्हणून उपयोगी असते. तरीही सरकत असल्यास खाली ओले फडके अंथरावे. बोर्ड सिंकमध्ये मावतो की नाही हे विकत घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

ग्रॅनाइट किंवा कडप्प्याच्या ओट्यावर थेट चिरण्याची सवय अनेक घरांत आहे. दगड, काच आणि स्टील हे तिन्ही पृष्ठभाग सुरीची धार झपाट्याने घालवतात.

जंतू आणि लाकूड

लाकूड सच्छिद्र असल्याने अस्वच्छ आणि प्लास्टिक गुळगुळीत असल्याने स्वच्छ, असा समज दीर्घकाळ होता. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लिव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली ‘जर्नल ऑफ फूड प्रोटेक्शन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजाला धक्का दिला. लाकडावर टाकलेले रोगजंतू ओलाव्याबरोबर आत ओढले जातात आणि काही वेळाने पृष्ठभागावरून परत मिळवता येत नाहीत, असे त्यांना आढळले. नवे प्लास्टिक सहज स्वच्छ झाले. पण सुरीने चरे पडलेले प्लास्टिक हाताने धुऊन नीट स्वच्छ करणे कठीण गेले. याचा अर्थ लाकूड स्वतः जंतुनाशक आहे किंवा ते धुवायला नको, असा होत नाही. लाकडाचा हा गुण ते कोरडे होण्यावर अवलंबून आहे. सतत ओला राहणारा लाकडी बोर्ड कोणत्याही प्लास्टिकपेक्षा वाईट ठरू शकतो.

कच्चे चिकन, मांस व मासे यांसाठी स्वतंत्र बोर्ड ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. एकच बोर्ड असेल तर कोशिंबीर आधी आणि मांस शेवटी चिरावे. निर्जंतुकीकरणासाठी अमेरिकेचा कृषी विभाग एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाण्यात एक मोठा चमचा सुगंधविरहित द्रव क्लोरीन ब्लीच मिसळण्याची शिफारस करतो. बोर्ड आधी साबणाने धुवावा, कारण अन्नकणांवर ब्लीचचा प्रभाव वाया जातो.

निगा

बोर्ड वापरल्यावर लगेच कोमट पाणी आणि साबणाने दोन्ही बाजूंनी धुवावा, पुसावा आणि उभा करून वाळवावा. एकच बाजू भिजली तर ती फुगते, दुसरी तशीच राहते आणि फळी बाक धरते. याच कारणाने बोर्ड पाण्यात भिजत ठेवू नये, डिशवॉशरमध्ये घालू नये आणि कडक उन्हात टाकू नये. कोकणातील पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या बोर्डाच्या मागे बुरशी धरते. तेथे तो दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा ठेवावा लागतो.

कांदा-लसणीचा वास जाड मीठ आणि लिंबाच्या फोडीने चोळल्यास कमी होतो. हळदीचा डाग साबण किंवा सोड्याने लाल होतो, कारण हळदीतील कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलते. त्याने घाबरण्याचे कारण नाही. हाच रंग प्रकाशात विरतो, म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवल्यास डाग फिका पडतो.

लाकूड फिकट आणि कोरडे दिसू लागले की तेल द्यावे. यासाठी शुद्ध खनिज तेल योग्य. औषधांच्या दुकानात ते लिक्विड पॅराफिन या नावाने मिळते. दोन्ही बाजूंना आणि कडांना तेल चोळून रात्रभर मुरू द्यावे व सकाळी जास्तीचे पुसून काढावे. त्यात थोडे मधमाश्यांचे मेण वितळवून घातल्यास लेप अधिक टिकतो. शेंगदाणा, करडई किंवा सूर्यफुलाचे तेल हाताशी असले तरी लावू नये. ते लाकडात खवट होते. जवसाचे तेल वाळून थर धरते, परंतु हार्डवेअरच्या दुकानातील ‘उकळलेल्या’ जवस तेलात बहुधा धातूंची संयुगे मिसळलेली असतात, म्हणून ते वर्ज्य आहे. जवस तेलाने माखलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा पसरून वाळवावीत. व्हार्निशचा थर सुरीने सुटून अन्नात येतो, तेव्हा तोही नको.

चरे वाढल्यास सुताराकडून रंधा मारून किंवा पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग पुन्हा सपाट करता येतो व नंतर तेल द्यावे लागते. ही सोय प्लास्टिकला नाही. जोड सुटलेला किंवा आरपार भेग गेलेला बोर्ड मात्र अन्नासाठी वापरू नये, कारण भेगेत ब्रश पोहोचत नाही.