ग्लुटेनमुक्त व दुग्धशर्करामुक्त आहार

गहू, सातू (बार्ली) व राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन आणि दुधातील दुग्धशर्करा (लॅक्टोज) वर्ज्य करणारा आहार. सिलिअक रोगात ग्लुटेनमुळे लहान आतड्यातील अंकुरकांचा (सूक्ष्म उंचवट्यांचा) नाश होतो. दुग्धशर्करेचे विघटन करणारे लॅक्टेज हे एंझाइम याच अंकुरकांवर असल्याने अनेक रुग्णांना दूधही पचेनासे होते. त्यामुळे दोन्ही पथ्ये पुष्कळदा एकत्र येतात. मात्र आतडे बरे झाल्यावर दूध पुन्हा सोसू शकते. ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्यच राहते.

कॅप्पाडोशियाचा वैद्य ॲरेटीअस याने अशा विकाराचे वर्णन प्राचीन काळीच केले होते. सॅम्युएल गी या इंग्रज वैद्याने १८८८ मध्ये त्याचे आधुनिक वर्णन केले व उपचाराची भिस्त आहारावर ठेवली. गव्हाचा दोष मात्र डच बालरोगतज्ज्ञ व्हिलेम डिके यांनी दाखविला. त्यांचा प्रबंध १९५० साली प्रसिद्ध झाला.

बोरी अरब (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) व आसपासच्या वऱ्हाडी मुलखात ज्वारीची भाकर, कण्या, आंबील व तुरीचे वरण हे परंपरागत अन्न होय. ते मुळातच ग्लुटेनमुक्त आहे. यवतमाळ जिल्ह्यातीलच वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९६३–७५) संकरित ज्वारीला चालना मिळाली. ‘सीएसएच-१’ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली ‘मिलो’ ही तांबडी आयात ज्वारीही ग्लुटेनमुक्तच होती. पुढे रेशनचा गहू सर्वत्र पोहोचला, कापूस व सोयाबीन यांपुढे ज्वारीचा पेरा घटला आणि भाकरीची जागा पोळीने व न्याहारीची जागा बिस्किटांनी घेतली.

वेष्टनबंद पदार्थांत पथ्य पाळणे कठीण जाते. बिस्किटांत मैद्याबरोबर बहुधा दुधाची भुकटी असते. बाजारातील मिश्र हिंगात गव्हाचे पीठ असू शकते, तर काही मसाला-चिवड्यांत चवीसाठी दुग्धशर्करा वा दुधाची भुकटी घालतात. ‘दुग्धशर्करामुक्त’ दुधात लॅक्टेज मिसळून शर्करेचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांत विघटन केलेले असते. त्यातील प्रथिने कायम राहत असल्याने दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही. त्याचप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ या शब्दावरून पदार्थ दुग्धशर्करामुक्तही आहे, असे ठरत नाही.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने २००८ मध्ये ग्लुटेनमुक्त पदार्थासाठी किग्रॅ.मागे २० मिग्रॅ. ही कमाल मर्यादा निश्चित केली. भारतातही तीच मान्य आहे. २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये व दूध यांचा उल्लेख वेष्टनावर बंधनकारक आहे. सुटा माल व गिरणीतील दळण यांना मात्र असे लेबल नसते. गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते व निर्दोष भाकरही रुग्णास अपायकारक ठरते. म्हणून दळण वेगळे ठेवणे हे महागडी वेष्टने विकत घेण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यानंतर ज्वारीचे वेष्टनबंद पदार्थ वाढत आहेत; त्यांतही घटकांची यादी वाचणे आवश्यकच असते.