चार तासांची मात्रा

अफूचे कूळ शोधू जाता ते इतिहासाच्याही पलीकडे जाते. परंतु असाध्य व्याधीने जर्जर झालेल्या माणसाच्या उशाशी आज जी मॉर्फिनची साधी गोळी ठेवलेली असते, तिची कुळकथा त्या मानाने अलीकडची आहे, आणि माझ्या मते तीत औषधापेक्षा घड्याळाचा वाटा मोठा आहे.

जर्मनीतील फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर या तरुण औषधनिर्मात्याने १८०५ च्या सुमारास अफूतून तिचे सत्त्व वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याचे नामकरण केले. द्रव्य हाती आले. ते केव्हा द्यावे, याचा विचार मात्र पुढे शंभर वर्षे फारसा कोणी केला नाही. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाच्या नावाने पुढे एक मिश्रण प्रसिद्धीस आले, ज्यात मॉर्फिन किंवा त्याचेच भावंड डायमॉर्फिन, कोकेन, जिन अथवा ब्रँडी, मध किंवा पाक आणि क्लोरोफॉर्मचे पाणी इतका सरंजाम असे. त्यास काढा म्हणावे की गुत्त्यातील पेय, असा संभ्रम पडावा. सर्वसाधारण रुग्णालयांतील शिरस्ता असा, की रुग्ण असह्य होऊन ओरडू लागला म्हणजे परिचारिकेने वहीत नोंद करून सुई टोचावी, त्याने गुंगीत जावे, आणि गुंगी उतरताच पुन्हा याचना करावी. अशा रीतीने वेदनेहून वेदनेची धास्तीच अधिक छळत असे.

लंडनमध्येच मरणोन्मुख गरिबांसाठी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सेंट ल्यूक्स या आश्रयगृहात मात्र वेगळी वहिवाट होती: तेथे वेदना परत येण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी तोंडाने मात्रा दिली जाई. १९४८ नंतर सिसिली साँडर्स तेथे स्वेच्छेने सेवा करू लागल्या, आणि त्यांच्या दृष्टीतून हा साधा नेम सुटला नाही. पाठीच्या दुखण्यामुळे परिचर्या सोडावी लागलेल्या या बाईंनी पुढे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९५७ मध्ये पदवी मिळवली, हॅकनेच्या सेंट जोसेफ्स या तशाच आश्रयगृहात त्याच नेमाचा पद्धतशीर पडताळा घेतला आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणोन्मुखांसाठीचे शुश्रूषागृह उभारले. पोटात गेलेल्या मॉर्फिनचा अंमल सुमारे चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी मात्रा. आणि रात्री झोपमोड होऊ नये म्हणून निजतेवेळी दुप्पट. जोडीला रेचक हवेच, कारण मॉर्फिनने जडणारा मलावरोध काही आपोआप ओसरत नाही. शास्त्र म्हणतात ते बहुधा अशाच घरगुती तपशिलांत वसते. पुढे सेंट ख्रिस्तोफर्समध्येच डॉ. रॉबर्ट ट्विक्रॉस यांनी तुलना करून दाखवले, की डायमॉर्फिनच्या जागी मॉर्फिन तितकेच चालते आणि कोकेन निष्प्रयोजन आहे. तेव्हा तो सारा सरंजाम निकालात निघाला. तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि वेदनेच्या पायरीनुसार औषध द्यावे, हे सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये जगापुढे ठेवले.

त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला अशाच रुग्णांसाठी शांती अवेदना आश्रम सुरू झाला. वस्तुतः अफू आमच्या घरचीच: माळव्याचा माल मुंबईच्या बंदरातून चीनला जाई, आणि आजही सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवाने, मुदती आणि दफ्तरे यांची अशी तटबंदी उभी केली, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. चोरास धरण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात रुग्ण अडकले, असेच म्हणावे लागते.

केरळातील कोळिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार प्रभृतींनी सुरू केलेल्या वेदनाशमन केंद्राने रुग्णाच्या नातेवाइकांच्या हवाली घरी नेण्यासाठी गोळ्या देण्याचे धाडस केले. दोन वर्षांतील सतराशेहून अधिक रुग्णांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत एकही गोळी वाममार्गास गेल्याचे आढळले नाही. तरीही कायद्यात दुरुस्ती होण्यास २०१४ उजाडावे लागले. तिने मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आणि मान्यताप्राप्त संस्थांना अनेक खात्यांऐवजी एकाच अधिकाऱ्याकडून मंजुरी, अशी तजवीज केली.