अनुदानाचा लगाम

विसाव्या शतकाच्या आरंभी बालाघाटच्या एखाद्या मुलाला मॅट्रिकनंतर पुढे शिकावयाचे असल्यास नागपूरची वाट धरावी लागे. गोंदियाहून सातपुड्यात शिरणारी नॅरोगेजची छोटी गाडी १९०३ ते १९०५ च्या दरम्यान सुरू झाली होती. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून व मॉरिस कॉलेज १८८५ पासून चालू होते. विद्यापीठ मात्र नागपुरास नव्हते. ही कॉलेजे आधी कलकत्त्यास व मग अलाहाबादेस जोडलेली होती. आणि विद्यापीठे कोठलीही असोत, त्यांची सूत्रे परक्या सरकारच्या हाती होती.

ही सूत्रे आवळली ती लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने. सिनेटमध्ये सरकारनियुक्त सभासदांचे प्राबल्य झाले आणि कॉलेजला मान्यता द्यावयाची की काढून घ्यावयाची, याचा अखेरचा शब्द सरकारकडे गेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात या विधेयकास कसून विरोध केला. पण बहुमत सरकारचेच होते.

पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. त्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. ज्या कॉलेजच्या स्थापनेत टिळकांचा हात होता, त्याच कॉलेजच्या प्राचार्यांवर टिळकांना 'केसरी'तून कडक टीका करावी लागली. परांजपे हे विद्वान आणि उदारमतवादी गृहस्थ होते. परंतु अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या चालकाला सरकारची मर्जी सांभाळणे व शिस्त राखणे यांतील सीमारेषा नेहमीच स्पष्ट दिसते असे नाही.

मे १९०७ मध्ये सरकारने आपला हेतू उघडच केला. गृहखात्याचे सचिव रिस्ले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकाने विद्यार्थी व शिक्षक यांना राजकीय चळवळीपासून दूर ठेवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. हयगय झाल्यास अनुदान बंद, शिष्यवृत्त्या बंद, प्रसंगी मान्यताही रद्द. पोलीस पाठविण्याचे कारणच उरले नाही. मुख्याध्यापकच पोलिसाचे काम करू लागले. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्'चा घोष केला, तेव्हा केशव बळिराम हेडगेवार यांना शाळेबाहेर पडून यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत जावे लागले.

मग अनुदानच न घेतले तर? विष्णु गोविंद विजापूरकरांनी तळेगावच्या समर्थ विद्यालयात तो प्रयोग केला. १९१० मध्ये सरकारने ते विद्यालयच बंद पाडले. जेथे पैशाचा लगाम लागू पडेना, तेथे कायद्याचा चाबूक आला. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने विद्यार्थ्यांना सरकारी शाळा-कॉलेजे सोडण्याची हाक दिली, तिच्यामागे हा सारा अनुभव होता. नागपुरास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९२३ मध्ये.

परकी सत्ता गेली म्हणून प्रश्न संपला नाही. त्याने रूप पालटले. १९६७ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले की तेथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेला त्या देशाचे हेरखाते गुप्तपणे पैसा पुरवीत होते. पॅरिसहून चालणाऱ्या 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संस्थेचीही तीच कथा निघाली, आणि तिच्याशी संबंध असलेली मुंबईतील विचारवंत मंडळी अडचणीत आली. त्यांची मते प्रामाणिक असतीलही. परंतु गुप्त पैशाचा दोषच हा की तो प्रामाणिक माणसाच्या शब्दावरही संशयाची सावली पाडतो.

विदेशी देणग्यांवर भारताने १९७६ मध्ये कायदा केला व २०१० मध्ये त्याच्या जागी नवा आणला. देणाऱ्याचे नाव आणि रक्कम लोकांपुढे असावी, हे योग्यच आहे. मात्र रिस्लेसाहेबांनीही विद्यार्थ्यांचे हित व शिस्त हीच कारणे पुढे केली होती, हे विसरता कामा नये. पैसा कोठून आला हे विचारण्याचा अधिकार समाजाला अवश्य असावा. विद्यार्थी काय बोलला म्हणून त्याच्या शाळेचा घास काढून घेण्याचा अधिकार मात्र कोणालाच नसावा, मग सत्ता परक्याची असो वा आपली.